कीर्तन, नाटक आणि थोडं कॉर्पोरेट: कॅमेरा आणि एडिटिंगसाठी काय घ्यावं?

स्टुडिओ_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीजवळ छोटा स्टुडिओ आहे, आजवर लग्नंच केली, दोन जुने डीएसएलआर आणि एडिअस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर रेडीमेड प्रोजेक्ट टाकून काम उरकायचं. आता कामं बदललीत. सप्ताहाची कीर्तनं यूट्यूबला टाकायला मागतात, नाट्यस्पर्धेवाले अख्खं नाटक शूट करून मागतात आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीचं ट्रेनिंग व्हिडिओचं काम येतंय. जुने कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग बंद करतात, म्हणजे महाराज रंगात आले की आपलं बोट बटणावर. बजेट कॅमेरे आणि पीसी धरून 6 लाख, थोडं वर चालेल. मुलगा म्हणतो सोनीचे दोन एफएक्स3 घ्या, दुकानदार म्हणतो कॅमकॉर्डर घ्या, आणि पीसीवाल्याने आय7 14700केएफ आणि 4060 कार्डचं कोटेशन दिलंय. काय करू?

विंगेतून
भाऊ दोन एफएक्स3 विसरा, त्यात बजेट संपेल आणि लेन्सला पैसे उरणार नाहीत. तुमचं काम बघा आधी. कीर्तन दोन तास सलग, नाटकाचा एकेक अंक तास-दीड तास, आणि ट्रायपॉड तुम्हाला मिळणार प्रेक्षकांच्या मागे, भावे नाट्यमंदिरात तर शेवटच्या रांगेच्याही मागे. तिथून नटाचा चेहरा काढायचा तर लांब झूम लागतो, आणि तोही चालू शॉटमधे हळू सरकणारा. फुलफ्रेमला, म्हणजे एफएक्स3 सारख्या मोठ्या सेन्सरला, तेवढ्या रीचची लेन्स घ्यायला गेलात की कॅमेऱ्याएवढेच पैसे लेन्सला. त्यापेक्षा सोनीचा झेड190 कॅमकॉर्डर घ्या, 25 एक्स ऑप्टिकल झूम, एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) आतच, माइकसाठी दोन एक्सएलआर सॉकेट, दोन कार्ड स्लॉट, झूमचा रिमोट ट्रायपॉडच्या हँडलला लावा आणि खुर्चीवर बसून दोन तास चालवा. सेन्सर लहान आहे मान्य, पण रंगमंचावर उजेड असतोच की.
एक मात्र करा, एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. मागे काळा पडदा असला की ऑटोवाला कॅमेरा सगळं उजळ करायला जातो आणि नटाचा चेहरा पिठासारखा पांढरा होतो, मग एडिटला काही करता येत नाही. व्हाइट बॅलन्ससुद्धा दोन्ही कॅमेऱ्यांना केल्विनमधे एकच आकडा टाकून फिक्स.

ग्रेडिंगवाली_पुणे
विंगेतून दादांशी अर्धी सहमत. कंपनीच्या कामाला लहान सेन्सरचा कॅमकॉर्डर घेऊन गेलात तर क्लायंट तोंडावर काही बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी फोन करत नाही. त्यांना मागचं मशीन ब्लर हवं असतं, मग माणूस काय बोलतोय ते कुणी ऐको न ऐको. माझं मत: एक कॅमकॉर्डर आणि एक सोनीचा एफएक्स30. सुपर 35 म्हणजे कॅमकॉर्डरपेक्षा बराच मोठा सेन्सर, आत फॅन आहे म्हणून सलग रेकॉर्डिंगला अडत नाही, ऑटोफोकस माणसाचा डोळा सोडत नाही आणि यूएसबी-सीवरून पॉवर घेतो. पॅनासॉनिकचा जुना जीएच5 सेकंडहँड कुणी गळ्यात मारेल, रेकॉर्डिंगला तोही थांबत नाही पण त्याचा फोकस व्हिडिओत मागेपुढे श्वास घेतल्यासारखा करतो, हलणाऱ्या कीर्तनकारावर नको. पॅनासॉनिकच घ्यायचा तर एस5 मार्क2 पासून पुढे बघा, तिथे फेज डिटेक्ट, म्हणजे न डगमगणारा ऑटोफोकस, आला.
आणि दोन्ही कॅमेरे 25 पी (सेकंदाला 25 फ्रेम), शटर 1/50. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, मंडपातल्या ट्यूब आणि स्वस्तातल्या एलईडी 30 पी 1/60 ला लुकलुकतात. मागे एलईडी वॉल असली तर आधी जाऊन टेस्ट शॉट घ्या, तिथे 1/50 लाही पट्टे दिसू शकतात मग व्हेरिएबल शटरने बारीक अ‍ॅडजस्ट करावं लागतं.

रेंडर_चालू_आहे
सगळे कॅमेऱ्यावर बोलताय, मी पीसीवर बोलतो कारण गाडी तिथेच अडकणार आहे. ते केएफ घेऊ नका. इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की आतला ग्राफिक्स नसतो, आणि एडिटिंगला लागणारं क्विक सिंक (व्हिडिओ फाइल झटपट उघडणारा भाग) त्या आतल्या ग्राफिक्समधेच असतं. दुकानदाराला वाटतं कार्ड लावतोय ना मग कशाला, गेमिंगवाल्यांना ठीक आहे ते. थोडेच पैसे जास्त, साधा के घ्या.
आता गंमत पुढे आहे. एफएक्स30 वर 4के 25 पी 10 बिट 4:2:2 (रंगाची जास्त माहिती असलेलं) शूट केलं तर फाइल होते एच264 मधली. हे 4:2:2 वालं एच264 या 14700 मधलं क्विक सिंकही हार्डवेअरवर उघडत नाही आणि 4060 पण नाही, सगळा भार सीपीयूवर, दोन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावला की टाइमलाइन अडखळत चालते. एच265 चं 4:2:2 इंटेल 11व्या जनरेशनपासून उघडतं, पण सोनीच्या मेनूत पाल मोडला (आपल्याकडचा 25/50 फ्रेमवाला) 4के एचएस, म्हणजे एच265 वाला पर्याय, 25 पी ला देतच नाहीत, 50 पी पासून सुरू. एनव्हिडियाच्या 50 सिरीजमधे 4:2:2 फाइल उघडणारा डीकोडर आलाय, म्हणून 4060 ऐवजी 5060 टीआय 16 जीबी बघा, हा प्रश्नच मिटतो.
दुसरं, कीर्तनाला 10 बिट लॉग (नंतर रंग भरायचं फिकं प्रोफाइल) कशाला? लोक मोबाइलवर बघणार. हिशोब करा: 140 एमबीपीएसला तासाला 63 जीबी, दोन तास दोन कॅमेरे 252 जीबी, सात दिवसांचा सप्ताह झाला पावणेदोन टीबीच्या वर. 128 चं कार्ड एका कीर्तनाला काठोकाठ, म्हणजे पुरत नाहीच. तेच 8 बिट 60 एमबीपीएसला तासाला 27 जीबी आणि कुठल्याही पीसीवर लोण्यासारखं चालतं. लॉग, 10 बिट हे कंपनीच्या कामाला ठेवा.
सॉफ्टवेअर: एडिअस येतंय तर कीर्तनाला तेच वापरा, मल्टिकॅमला (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिटिंग) अजूनही झकास आहे. कंपनीच्या कामाला रिझॉल्व्ह शिका. फ्री व्हर्जन विंडोजवर 10 बिटच्या फाइल्सना कटकट करतं, आवाज येतो चित्र येत नाही असले प्रकार, स्टुडिओ व्हर्जन 295 डॉलर एकदाच भरून घ्या. प्रीमियरचं दर महिन्याचं भाडं लहान स्टुडिओला उगाच.
आणि कार्ड कॉपी करताना नुसत्या क्लिप उचलू नका, कार्डवरचं 'प्रायव्हेट' नावाचं अख्खं फोल्डर उचला, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, मगच फॉरमॅट.

स्टुडिओ_सांगली
बापरे, केएफचं माहितच नव्हतं, कोटेशन बदलून मागतो. एक कॅमकॉर्डर एक एफएक्स30 हे पटतंय. पण कॅमकॉर्डरवर 4के ला 8 बिटच मिळतं असं दुकानदार म्हणाला, मग दोघांचे रंग जुळतील का? आणि आवाजाचं काय, साऊंडवाल्याच्या मिक्सरवरून घेतला की एकतर फाटतो नाहीतर नुसते महाराज ऐकू येतात, टाळकरी गायबच.

ग्रेडिंगवाली_पुणे
8 बिट बरोबर आहे. म्हणून कीर्तनाला एफएक्स30 पण लॉगमधे नको, साध्या प्रोफाइलला ठेवा आणि आधी घरी दोन्ही कॅमेरे शेजारी लावून कपाळाचा, भगव्या पताकेचा रंग बघून सेट करून ठेवा. भगवा आणि लाल लगेच फुटतात, सॅच्युरेशन एक घर खालीच बरं.

टाळ_मृदंग_माइक
आवाज फाटतो कारण मिक्सरमधून लाइन लेव्हल येते आणि कॅमेऱ्याचा इनपुट माइकवर असतो. लाइनवर करा, माइकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण बंद ठेवा. टाळकरी येत नाहीत कारण पखवाज आणि टाळ एवढे मोठे वाजतात की साऊंडवाला त्यांना मिक्सरमधे फारसं घेतच नाही, मंडपात ते तसेच ऐकू येतात. म्हणून मिक्सरचा एक ट्रॅक आणि टाळकऱ्यांच्या समोर वेगळा रेकॉर्डर, झूम कंपनीचा एच सिरीजमधला कुठलाही चालेल. लेव्हल सांभाळायला माणूस नसेल तर 32 बिट फ्लोटवाला घ्या, गजर चढला तरी नंतर खाली आणता येतो.
फक्त दोन तासांत रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याचं घड्याळ काही फ्रेम सरकतं, सुरुवातीला सिंक केलेलं शेवटच्या पसायदानाला ओठांपासून सुटलेलं दिसतं. दर अभंगानंतर ट्रॅक कापून परत जुळवा.

विंगेतून
आणि बजेटमधे ट्रायपॉड धरलाय का? 25 एक्सवर साध्या लग्नाच्या ट्रायपॉडने पॅन केलं की झटका दिसतो, फ्लुइड हेड चांगलं घ्या. सामान बिलावर घ्या, जीएसटी नंबर असेल तर 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, मुंबईच्या बोरा बाजारात विदाउट बिल स्वस्त देतो म्हणाले तरी वॉरंटीला कुणी दारात उभं करत नाही. जनरेटरवरच्या मंडपात कॅमेरा अ‍ॅडॅप्टरवर लावू नका, एफएक्स30 ला पीडीवाली (जास्त ताकदीचं यूएसबी-सी चार्जिंग देणारी) पॉवरबँक, कॅमकॉर्डरला मोठी बॅटरी.