[मंडळ-गप्पा] शनिवारी पहाटे वरून जाऊ की ओढ्यातून? (आणि स्टोरेजची किल्ली कोणाकडे आहे?)

समीर | मंगळवार, 4 नोव्हेंबर, रात्री 10:12

नमस्कार मंडळी,

दोन प्रश्न, दोन्ही तातडीचे. माझा क्लाइंबिंग स्टँड (शिकारीला झाडावर चढून बसायचा) मंडळाच्या स्टोरेजमध्ये मखरामागे अडकलाय (केदारच्या व्हॅनमधून गणपतीच्या सामानाबरोबर गेला). किल्ली सध्या कोणाकडे?

दुसरं, विरोक्वाची (विस्कॉन्सिनातली) शिकारीची जागा. तो बक, म्हणजे नर हरीण, परत दिसतोय. तोच, डाव्या शिंगाला खाली जादा टोक असलेला. आठवडाभर कॅमेऱ्यातले सगळे फोटो रात्रीचे, वरच्या मक्याच्या ईशान्य कोपऱ्यात, शेवटचा पहाटे साडेपाचच्या आसपास. दिवसा आग्नेयेकडच्या सोंडेवर (धारेच्या पुढे आलेल्या टोकावर) बसतो. मार्चमध्ये तिथे बेड (त्याच्या बसायच्या जागा) पाहिले होते, दबलेला पाचोळा, त्यात केस, बाजूला शिंगं घासून सोललेली झाडं. शनिवारी वारा वायव्येचा, ताशी 8-10 मैल म्हणतायत. गाडी बार्नपाशी लावून मक्याच्या कडेने, धारेवरून गेलो तर पंधरा मिनिटं. खालून ओढ्याने गेलो तर पाऊण तास, वर चढ, आणि मधला तुकडा शेजाऱ्याचा. वरून गेलं तर नक्की काय बिघडेल?

विद्याताई, चारची तालीम लक्षात आहे.

विद्याताई | मंगळवार, 4 नोव्हेंबर, रात्री 10:40

किल्ली दसऱ्याला नंदूकाकांनी नेली, पडदे आणायला. अजून आलेली नाही.

आणि ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे हे पुन्हा एकदा. मागच्या नोव्हेंबरात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. तालीम चारला म्हणजे चारला, समीर. पोवाड्यात झीलकरी दोनच आहेत.

नंदूकाका | बुधवार, 5 नोव्हेंबर, पहाटे 5:20

किल्ली माझ्याकडे नाही. मी ती केदारच्या हातात दिली, पार्किंगमध्ये, प्राजक्ता साक्षीला होती.

समीर, वरून गेलास तर सगळंच बिघडेल. बार्न वायव्येला. वारा वायव्येचा. म्हणजे गाडीचं दार उघडल्यापासून तुझा वास थेट सोंडेवर जाऊन बसणार. शिवाय साडेपाचला तो मक्यात उभा आहे असं तूच सांगतोस. त्याच्या ताटावरून चालत जाऊन त्याच्या घराशी बसणार आहेस का?

हा प्राणी बेडवर सरळ येत नाही. दीड वर्षांचं पोरगं येतं, आलं की धप्पकन बसतं. चार-पाच वर्षांचा जो असतो तो म्हणूनच चार-पाच वर्षांचा झालेला असतो. तो बेडला खालून ओलांडतो, वाऱ्याच्या खालच्या बाजूने, पुढे जातो, आणि मग वळून वर येतो. त्यालाच जे-हुक म्हणतात. रात्रभर जागा रिकामी होती, कोण येऊन बसलंय हे नाकाने बघून मगच आत शिरायचं. बसला की धार पाठीशी, तोंड उताराकडे. मागून कोण येतंय ते वारा सांगतो, पुढचं डोळ्यांना दिसतं. वरच्या तिसऱ्या भागातच बसतो, कारण धारेवरून उतरणारा वारा आणि उन्हाने वर येणारी हवा तिथे एकत्र होतात. एका जागी बसून दोन्हीकडची बातमी मिळते, वर रवंथही निवांत.

तुझा स्टँड त्या हुकाच्या बाजूला हवा. बेडच्या वर नको, खाली तर नकोच. नैर्ऋत्येला जी घळ आहे तिच्या वरच्या टोकाला ते जुनं ओकचं झाड आठवतं? तिथे. तुझा वास घळीत उतरेल, तो घळीच्या अलीकडे वळेल. त्याला वाटलं पाहिजे की वारा आपल्या बाजूचा आहे. तुला पूर्ण सोयीचा वारा असेल त्या दिवशी तो तिकडून येणारच नाही.

म्हणून ओढ्यातून. पहाटे थंड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते, तुझा वास तुझ्या मागे राहतो. पण ऊन पडायच्या आत झाडावर असायला हवास. नंतर हवा उलटते.

केदार | बुधवार, 5 नोव्हेंबर, सकाळी 9:05

एक, किल्ली मी विद्याताईंच्या दारातल्या कुंडीखाली ठेवली होती आणि तसा मेसेजही केला होता.

दोन, काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून, हे सगळं ऑक्टोबरचं झालं. आज 5 नोव्हेंबर आहे, रट (माजाचा काळ) ऐन भरात येतोय. आता तो स्वतःच्या बेडकडे कशाला बघेल? तो माद्यांच्या बेडांवरून फिरतोय, एकामागून एक, प्रत्येकीच्या वाऱ्याखालून. समीरने बक कुठे बसतो हे सोडून माद्या कुठे बसतात ते शोधावं. त्या पलीकडच्या गवताळ बाकावर (उतारावरच्या सपाट पट्टीवर) बसतात, मी 2019 पासून बघतोय. ती जागा समीरला मीच दाखवली होती, एवढंच नोंदवून ठेवतो.

बाकी हुक एवढा मोठा नसतो. वीस-पंचवीस यार्ड. माझ्या दोन्ही वेळी तेवढाच होता.

प्राजक्ता | बुधवार, 5 नोव्हेंबर, दुपारी 12:30

मी साक्षीला वगैरे नव्हते, मी पडदे धरून उभी होते.

त्या ओढ्यात मी ट्राउटसाठी जाते. पुलावरून उतरायचं आणि पाण्यातूनच चालायचं. विस्कॉन्सिनात नाव चालू शकेल अशा ओढ्यात पाय ओले असतील तोवर वाट सगळ्यांची, काठावर पाऊल टाकलं की ती शेजाऱ्याची. पण खरं सांगू? घळीत शिरताना काठ लागणारच. त्या आजोबांना सरळ फोन कर. मी दर वर्षी फराळाचा डबा देते, चकली त्यांना फार आवडते, शंकरपाळ्यांना ते कुकी म्हणतात.

माझे वेडर्स (पाण्यात चालायची बुटांसकट विजार) ने. पाण्यातून गेलास तर जमिनीवर वास कमी राहील. पण वेडर्स घालून झाडावर चढू नकोस, ते वरून फाटले तर दोनशे डॉलर.

बापूसाहेब | बुधवार, 5 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:48

सर्वांस नमस्कार.

आमचे आजोबा चांद्याकडे शिकारीला जात. अर्थात 1972 च्या कायद्याच्या आधीची गोष्ट. मचाणावर चढताना त्यांच्या कनवटीला राखेची पुरचुंडी असे. सांबराची वाट बघताना घटकाघटकाने चिमूटभर सोडायचे. मी एकदा विचारलं, अजून वारा बदलला नाही ना, मग परत कशाला? म्हणाले, बदलला की सांबर सांगतं, पण ते आपल्याला उपयोगाचं नसतं.

इथे राख नको, ओली होते. रस्त्याकडेला मिल्कवीडच्या शेंगा फुटल्यात. आपल्या रुईचीच भावकी. त्यातली म्हातारी सोडावी. पावडर दोन हातांवर दिसेनाशी होते, म्हातारी शंभर पावलं जाताना दिसते, आणि कुठे वळते, कुठे बुडते, कुठे उचलली जाते तेही कळते.

आज त्रिपुरी पौर्णिमा. म्हणजे शनिवारी पहाटे पश्चिमेला भरपूर चांदणं. दिवा लावू नये.

माधुरी | बुधवार, 5 नोव्हेंबर, रात्री 8:15

बापूसाहेब, किती छान लिहिलंत. आमच्याकडे म्हातारी उशीत भरायचे.

एक विनंती, रागावू नका कोणी. पॉटलकला जे काही आणाल त्यावर ठळक लेबल लावा. मागच्या वर्षीचा खिमा सोयाच्या शेजारी होता आणि माझ्या सासूबाईंनी दोनदा वाढून घेतला. आणि सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूच्या रोगाची) तपासणी झाल्याशिवाय कोणी मटण वाटू नका. 2002 पासून हा रोग राज्यात आहे, तिकडच्या भागात तर आहेच. डोकं तपासायला देणं फुकट आहे.

नंदूकाका | बुधवार, 5 नोव्हेंबर, रात्री 9:30

केदार, दोन वेळा म्हणजे अनुभव नव्हे, दोन वेळा. तुझे दोन्ही अडीच-तीन वर्षांचे होते. फोटो माझ्याकडे आहेत. टोकं मोजू नकोस, अंग बघ. म्हाताऱ्याची मान छातीतून निघते, पोट ओघळलेलं असतं, म्हणून पाय आखूड वाटतात. समीरचा तसा आहे.

रटमध्ये तो माद्यांच्या मागे असतो, मान्य. पण मादीचा बेड तपासतानाही तो हेच करतो ना? वाऱ्याखालून. चाल तीच, फक्त जागा दुसऱ्याची. आणि रात्रभर हिंडून दमला की चार तास कुठेतरी पडतोच. हुक किती मोठा हे त्याला किती वर्षं झाली आणि खालची झाडी किती दाट यावर. मी साठ-सत्तर यार्डांचाही पाहिलाय.

माधुरीताई, तो खिमा केदारचा होता.

विद्याताई | गुरुवार, 6 नोव्हेंबर, सकाळी 7:55

कुंडीखाली काही नाही. कुंडीच नाही. थंडीमुळे कुंड्या मी 20 ऑक्टोबरला आत घेतल्या. मेसेज कोणत्या ग्रुपवर केला होता?

समीर | गुरुवार, 6 नोव्हेंबर, रात्री 11:02

आजोबांशी बोललो, जा म्हणाले. डबा हवाच आहे म्हणाले. स्टँड बॉसचा मिळाला, हार्नेससकट. किल्लीचं तुमचं तुम्ही बघा.

ठरलं ते असं: साडेचारला पुलावर, ओढ्यातून घळीच्या तोंडापर्यंत, तिथून वर ओकपर्यंत. काका, वेडर्स कुठे उतरवू? घळीच्या तोंडाशी की वर?

नंदूकाका | शुक्रवार, 7 नोव्हेंबर, पहाटे 5:10

तोंडाशी. वर नको. वर घामही येईल, बसशीलही, आणि बसलास की वास मुरला.

समीर | रविवार, 9 नोव्हेंबर, सकाळी 10:25

तालमीला सव्वाचारला पोचलो, विद्याताई, त्याबद्दल आधी माफी.

वर्तमान असं. चांदणं इतकं की दिवा लागलाच नाही. घळीच्या तोंडाशी सगळा चिखल होता, मोजे भिजतील म्हणून वेडर्स घालूनच वर गेलो. (काका, माहीत आहे.) ओकच्या खाली तीसेक पावलांवर एक ओंडका आहे, त्याच्यावर बसून उतरवले, बूट घातले, वेडर्स ओंडक्यामागे ठेवले. साडेपाचच्या आधी झाडावर. म्हातारी सोडली, ती घळीतून सरळ खाली गेली, दिसेनाशी होईपर्यंत. बापूसाहेब, हे पाहायलासुद्धा यावं इतकं सुंदर होतं.

पावणेसातला सूर्य. मग दोन माद्या मक्यातून उतरल्या आणि सोंड ओलांडून बाकाकडे गेल्या. सात वीसला तो. ईशान्येकडून, अगदी काकांनी सांगितलं तसा, बेडच्या खाली. पन्नास तरी पावलं खाली. नाक वर, आठ-दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. बेडच्या समोर आला, वळला नाही. तसाच पुढे, घळीच्या काठापर्यंत. मी बो (धनुष्य) उचलला होता.

आणि तो थेट त्या ओंडक्यापाशी थांबला. तीस पावलं. मध्ये हेझलची जाळी, बाण जायला जागा नाही. ओंडका हुंगला, माझे वेडर्स हुंगले. तीन-चार मिनिटं तसाच. शेपटी नाही उचलली, पाय नाही आपटला. मग सावकाश वळला आणि आला होता त्याच वाटेने निघून गेला. बेडकडे बघितलंही नाही. आठ वाजता म्हातारी वर उडायला लागली, थेट सोंडेकडे, तेव्हा मी उतरलो.

केदार | रविवार, 9 नोव्हेंबर, सकाळी 10:41

दोन माद्या पुढे आणि तो मागे. म्हणजे तो माद्यांच्या मागावर होता. बेडचा काही संबंध नाही.

नंदूकाका | रविवार, 9 नोव्हेंबर, सकाळी 11:15

माद्या सोंड ओलांडून बाकाकडे गेल्या. तो सोंडेखालून घळीकडे गेला. माग काढणारा असा जातो का?

समीर, आता दहा दिवस तिकडे फिरकू नकोस. 22 ला बंदूकवाले सुरू होतील, तेव्हा सगळे चहूकडून हाकारा केल्यासारखे घुसतात, त्या वेळी तो परत सोंडेवर येईल. तेव्हा बाकीच्या शिकाऱ्यांना दिसेल असं ऑरेंज घालून, त्या ओंडक्याच्या खालच्या बाजूला, आणि वारा उत्तरेचा असेल तरच.

प्राजक्ता | रविवार, 9 नोव्हेंबर, सकाळी 11:30

वेडर्स कुठे आहेत?

समीर | रविवार, 9 नोव्हेंबर, सकाळी 11:52

ओंडक्यामागे. तालमीला उशीर होत होता. बार्नच्या बाजूने उतरलो.

विद्याताई | रविवार, 9 नोव्हेंबर, दुपारी 12:20

किल्ली सापडली. पडद्याच्या शिवणीत होती. समीर, तुझा स्टँड आज संध्याकाळपर्यंत घेऊन जा, मखर बाहेर काढायचंय.