शब्दचर्चा : ‘सर्व्हर हँग झालाय’ म्हणजे नेमकं काय झालंय? अडलेली कोण आणि अडवणारी कोण?

लातूरकर

नमस्कार मंडळी. मी डेटाबेस सांभाळतो, एका साखर कारखान्याचा आणि दोन पतसंस्थांचा, म्हणजे सर्व्हरवर काय काय चालायलंय ते बघायचं, अडकलेलं सोडवायचं, नाहीच सुटलं तर मारायचं, हेच रोजचं काम. प्रश्न शब्दाचा आहे पण नुसता शब्दाचा नाही म्हणून आधी प्रसंग सांगतो.

गळीत हंगामातली गोष्ट. रात्री पावणेदहाला फोन आला, ‘भाऊ सर्व्हर हँग झालाय, काट्यावर पावतीच निघंना.’ मागनं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. रांग गेटापासून पार डांबरीपर्यंत गेलेली, ट्रॅक्टर तर होतेच पण बैलगाड्याही, बैल तसेच जुवाखाली उभे. रात्रपाळीच्या पोरानं त्याच्या परीनं केलं होतं, प्रोसेसलिस्ट, म्हणजे डेटाबेसला कोण कोण जोडलंय आणि काय करायलंय त्याची यादी, काढून बघितली, तीसेक ओळी ‘अपडेटिंग’ दाखवायल्या होत्या, त्यानं त्या सगळ्या मारल्या. दोन मिनिटांत परत तेवढ्याच. परत मारल्या, परत आल्या. काट्यावरचा कॉम्प्युटर पण दोनदा बंद-चालू करून झाला.

मी घरून जोडून बघितलं तर त्या तीसच्या तीस ओळींचा टाइम ५० च्या आत. कारण मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसमध्ये टेबलातल्या ओळीच्या लॉकसाठी (ती ओळ बदलायचा एकट्याचा ताबा) थांबायची मुदत मुळातच ५० सेकंद ठेवलेली असते, ती संपली की १२०५ नंबरची एरर येते आणि आमचं सॉफ्टवेअर तीच मागणी पुन्हा पाठवतं. आणि त्या गर्दीत एक ओळ अशी, कमांडच्या रकान्यात ‘स्लीप’, टाइम ६,८४०. म्हणजे जवळजवळ दोन तास. हिशोब खात्यातल्या एकानं शेतकरी खात्याच्या टेबलावर मोठं अपडेट टाकलं, ऑटोकमिट बंद होतं, हातानं कमिट करायचं, म्हणजे बदल पक्का करायचं, राहिलं आणि स्क्रीन तशीच उघडी ठेवून आठ वाजता तो घरी गेला. आता प्रत्येक पावतीला त्याच खात्याची बेरीज बदलावी लागते, मग पावती निघणार कशी.

पोराला विचारलं, ही ओळ दिसली होती का? म्हणला दिसली होती. मग मारली का नाही? तर म्हणतो, ‘भाऊ ती झोपलीय की, ती तर काहीच करायली नाही.’

त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. शब्दानं फसवलं त्याला. इंग्रजीत ‘स्लीप’ लिहिलंय, त्यानं मनात मराठी केलं झोपलेली, आणि झोपलेल्याला कोण उठवून मारतं? खरं तर ती आतून कडी लावून झोपली होती. आणि ‘हँग झालं’ हा आपला शब्द तर त्याहून वाईट, त्यात कुणी कुणाला धरून ठेवलंय याचा पत्ताच लागत नाही. तर मला विचारायचंय की या सगळ्याला आपल्याकडं धड शब्द आहेत का? प्रोसेसला ‘प्रक्रिया’ म्हणणं मला पटत नाही हे आधीच सांगतो. प्रक्रिया म्हणजे काम कसं करायचं त्याची रीत, पाकाची साखर होते ती प्रक्रिया. इथं आपण बोलायलोय ते काम करणाऱ्या गड्याबद्दल, ज्याला नंबर असतो, जो जन्मतो आणि मरतो.

परभणीकर

दादा, तुमचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला, बैल उभे होते हे वाचून जास्त.

मी मराठी शिकवते, कॉम्प्युटरमधलं मला फार कळत नाही, पण तुम्हाला जो फरक पाहिजे तो आपल्या क्रियापदांत आयता आहे बघा. अडणं आणि अडवणं. आमच्या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं, चारीवर, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या छोट्या पाटावर, रोज हेच ऐकू येतं. ‘पाणी अडलं’ म्हणजे गाळ असेल, गवत असेल, कुणाचं नाव नाही. ‘पाणी अडवलं’ म्हटलं की लगेच सगळे विचारणार, कुणी? म्हणजे ‘व’ एवढं एक अक्षर आलं की माणूस शोधायला निघतो. तुमच्या तीस ओळी अडलेल्या, आणि ती एक अडवणारी. तुमच्या पोराला फोनवर ‘हँग झालंय’ ऐवजी ‘पावत्या अडल्यात’ एवढं म्हणायची सवय असती तर पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून आपोआप आला असता, की अडवलंय कुणी?

आणि टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी आलं नाही तर तो टेलला उभा राहून काही होत नसतं, त्याला चारीनं वर चालत जावं लागतं. तुमच्या त्या पोरानं टेलच्या लोकांनाच हाकललं.

लातूरकर

ताई, हे भारी आहे. अगदी असंच. आणि वर चालत जायची सोय खरंच आहे, मायएसक्यूएल ५.७ पासून ‘सिस’ नावाची स्कीमा सोबतच येते, तिच्यात इनोडीबी लॉक वेट्स नावाचा व्ह्यू म्हणजे तयार यादी आहे (इनोडीबी हा मायएसक्यूएलचा डेटा सांभाळणारा भाग), त्यात एका ओळीत अडलेलीचा नंबर आणि अडवणारीचा नंबर दोन्ही, शिवाय अडवणारीला मारायची कमांड सुद्धा तयार लिहून मिळते. मी आता त्या रकान्यांना मराठीत हीच नावं देणार.

पुण्यात राहणारा नांदेडकर

मी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर काम करतो. तिथं हा घोळ थोडा कमी आहे कारण पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या तिथल्या यादीत स्टेटचा रकाना आहे आणि त्यात ‘आयडल’ वेगळं, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ वेगळं. ट्रान्झॅक्शन म्हणजे कमिट होईपर्यंतचं सगळं काम. पहिली नुसती रिकामी बसलेली, तिचा कुणाला त्रास नाही. दुसरी काम अर्धवट सोडून बसलेली, हातात धरलेलं सोडलेलं नाही. मी टीममध्ये ‘रिकामी’ आणि ‘धरून बसलेली’ म्हणतो, पुण्याच्या पोरांनाही लगेच कळतं. मायएसक्यूएलच्या प्रोसेसलिस्टमध्ये दोन्हीला एकच ‘स्लीप’, म्हणून तिथं ट्रान्झॅक्शनची यादी वेगळी बघावीच लागते.

अजून एक. आपल्याकडचं ‘चालायलीय’ मला या कामात लई उपयोगी वाटतं. क्वेरी म्हणजे डेटाबेसला सांगितलेलं एक काम. ‘क्वेरी चालू आहे’ म्हटलं की दोन अर्थ निघतात, नुसती लावून ठेवलीय का खरंच पळतीय. मोटार चालू आहे पण पाणी येईना, तसं. ‘क्वेरी चालायलीय’ म्हटलं की आत्ता या क्षणाला ती काम करायलीय, दुसरा अर्थच नाही. पुण्यात आल्यावर सुरुवातीला हे बोलायची लाज वाटायची, लोक हसायचे. आता मी मुद्दाम बोलतो.

जालनेकर

मारणं या शब्दावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मारणं एकच शब्द वापरला की गडबड होते कारण खाली कामं दोन आहेत. मायएसक्यूएलमध्ये किल क्वेरी म्हटलं की चालू असलेली क्वेरी तेवढी थांबते, कनेक्शन तसंच राहतं. नुसतं किल म्हटलं की कनेक्शनच तुटतं. पोस्टग्रेसमध्येही तसंच, कॅन्सल बॅकएंड आणि टर्मिनेट बॅकएंड. म्हणून मी ‘थांबवणं’ आणि ‘तोडणं’ असे दोन शब्द वापरतो. आता लातूरकरांची ती झोपलेली बघा, तिला किल क्वेरी दिलं असतं तर काहीच झालं नसतं, थांबवायला तिथं काही चालूच नाही. तिला तोडावंच लागतं.

आणि तोडल्यावर जो रोलबॅक होतो, म्हणजे अर्धवट बदल मागं घेतले जातात, त्याला ‘उसवणं’ म्हणावं असं माझं मत आहे. माझी आई शिवणकाम करायची. चुकीची शिलाई उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, मशीनवर भरकन शिवलेलं असतं पण उसवायचं म्हणजे एकेक टाका. मोठ्या अपडेटचं तंतोतंत असंच असतं. लाखो ओळी बदललेलं अपडेट मारलं की यादीत ‘किल्ड’ दिसतं आणि ओळ जातच नाही, लोक घाबरतात, वरून साहेबाचा फोन येतो, मग कुणीतरी सर्व्हरच रीस्टार्ट करतो. पण उसवणं काही सुटत नाही, सर्व्हर उठल्यावर इनोडीबी राहिलेले टाके उसवतच बसतं. ‘रोलबॅक चालू आहे’ असं सांगितलं तर साहेब म्हणतात किती वेळ, लवकर करा. ‘उसवायलोय साहेब’ म्हटलं की समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

बीडकर

सगळ्यालाच डेडलॉक म्हणायची एक खोड आहे ती मोडली पाहिजे. लातूरकरांच्या कारखान्यात झालं तो डेडलॉक नव्हता, तो खोळंबा. खोळंब्यात एक जण अडवतो आणि बाकीचे थांबतात, अडवणारा बाजूला झाला की रांग सुटते. डेडलॉक म्हणजे पांदणीत समोरासमोर आलेल्या दोन गाड्या, दोन्हीकडं काटेरी कुंपण, हा म्हणतो तू मागं घे, तो म्हणतो तू घे. इथं कितीही थांबलं तरी सुटणार नाही, एकाला मागं घ्यावीच लागते. त्याला माझ्या मते ‘तिढा’ हा शब्द बसतो. तिढा आपोआप सुटत नाही, सोडवावा लागतो.

डेटाबेस तिढा स्वतःच ओळखतो ही त्यातली चांगली गोष्ट. इनोडीबी बघतं की कुणी कमी ओळी बदलल्यात, म्हणजे कुणाची गाडी हलकी आहे, आणि शक्यतो त्याला मागं घ्यायला लावतं, १२१३ नंबरची एरर येते ती हीच. पोस्टग्रेस एक सेकंद वाट बघतं आणि मग तपासतं. म्हणजे तिढा सेकंदात सुटतो आणि खोळंबा तासभर राहू शकतो, लोकांना मात्र उलटं वाटतं.

दुसरं, आमच्याकडची गोष्ट म्हणून सांगतो. पोस्टग्रेसमध्ये पोस्टमास्टर (मुख्य प्रोसेस) असतो, प्रत्येक कनेक्शनला तो एक वेगळा गडी उभा करतो. मी त्याला मुकादम म्हणतो, आमच्या जिल्ह्यात मुकादम आणि टोळी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका नवीन पोरानं एकदा लिनक्सवरून एका गड्याला किल मायनस नाईन, म्हणजे तडकाफडकी मारायची कमांड, दिलं. म्हणला एकच तर मारला. पण सगळे गडी एकाच सामाईक मेमरीत काम करत असतात, एक असा अचानक गेला की त्यानं अर्ध्यात काय बिघडवून ठेवलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून मुकादम सगळ्या टोळीला थांबवतो आणि लॉगवरून सगळं तपासून पुन्हा काम सुरू करतो. एक मारायला गेला आणि सगळे तुटले. पोस्टग्रेसचा गडी बाहेरून नऊ नंबरनं मारू नका, कधीच नाही.

संभाजीनगर, निवृत्त महसूल

मुलांनो, मी तलाठी ते नायब तहसीलदार असा सगळा प्रवास केला, कॉम्प्युटर शेवटच्या दहा वर्षांत हाताला आला. माझा नातू सर्व्हरचं काम करतो, त्यानं मला ‘झोंबी प्रोसेस’ समजावली. मेलेली असते पण यादीत नाव राहतं, कारण जन्म देणाऱ्या प्रोसेसनं तिच्या मरणाची नोंद घेतलेली नसते. मी त्याला म्हटलं अरे मग झोंबी कशाला म्हणता, ती ‘मयत’ आहे. सातबाऱ्यावर मयताचं नाव वर्षानुवर्षं राहतं, माणूस गेला म्हणून नाव आपोआप जात नाही, फेरफार मंजूर व्हावा लागतो. नातू म्हणाला अगदी बरोबर आजोबा, म्हणून तिला किल देऊन उपयोग नसतो, मेलेल्याला काय मारणार, बापाला सांगावं लागतं नोंद घे म्हणून. आणि बापच आधी गेला तर ती पोरकी होते, मग एक नंबरची प्रोसेस तिला सांभाळते. पोरकी हा शब्दही तयारच होता.

शब्द कुठून येतात यावर थोडं बोलतो. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं, शिक्षण उर्दूतून, त्यासाठी दारुल तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातंच होतं, शास्त्राचे शब्द तिथं घडवले जायचे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. नंतर आपण महाराष्ट्रात आलो, १९६० साली भाषा संचालनालय झालं, त्यांनीही परिभाषेचे कोश काढले, मोठं काम आहे ते, मी कार्यालयात वापरलेत. पण आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आजही खासरा आणि मुंतखब हेच जमिनीच्या जुन्या नोंदींचे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, कारण ते रोज हाताखालून जातात. तुमचे अडवणारी, उसवणं, मयत हेही तसेच हाताखालचे शब्द आहेत, वापरत राहा.

नुकतीच लागलेली, नांदेड

सगळ्यांना नमस्कार, मी सहा महिन्यांपूर्वीच सपोर्टला लागले. एक शंका. लॉक ‘लागलं’ म्हणायचं का ‘घेतलं’? आमच्याकडं सगळे ‘लॉक लागलं’ म्हणतात, मला वाटायचं ते बिघाड झाल्यासारखं आपोआप लागतं.

लातूरकर

ताई, चांगला प्रश्न विचारलात, ‘घेतलं’ म्हणा. लागतो तो गंज, लागते ती नजर. लॉक प्रत्येक वेळी कुणीतरी घेतलेलंच असतं आणि त्यात वाईट काही नाही, दोन जणांनी एकाच वेळी एकच बेरीज बदलू नये म्हणून ते घ्यावंच लागतं. घेतलेलं सोडलं नाही की मग खोळंबा. घेणं, धरणं, सोडणं, तीनही क्रियापदं शेताला पाणी देताना दारं धरणाऱ्याची आहेत.

प्रोसेसला मात्र मला अजून शब्द सापडला नाही. बीडकरांचा गडी मला आवडला पण पतसंस्थेच्या मॅनेजरसमोर म्हणायला जड जातं, तोवर प्रोसेसच राहू दे, ती स्त्रीलिंगी होऊन आपल्यात आलीच आहे.

काट्याच्या खोलीत भिंतीवर माझा नंबर चिकटवलेला आहे, त्याखाली काल नवीन कागद लावून आलो. त्यावर लिहिलंय : ‘फोन करताना हँग झालं म्हणू नका. काय अडलंय ते सांगा, कधीपासून अडलंय ते सांगा. अडवणारी कोण ते बघितल्याशिवाय काहीही तोडू नका.’ रात्रपाळीच्या पोरानं तो वाचला आणि खाली स्वतःच्या पेनानं एक ओळ वाढवली, ‘झोपलेली आधी बघा.’