मदत हवी आहे: भावाला इमिग्रेशनवाल्यांनी पकडलंय, अर्जंट

कोकणकन्या: मोठ्या भावाला इमिग्रेशनवाल्यांनी उचलून आत टाकलंय. रूममेटचा व्हॉट्सअॅपवर एका ओळीचा मेसेज आला आणि आता तोही फोन उचलत नाहीये. आई अन्नाला शिवत नाही. एजंट म्हणतो पैसे टाका, सोडवतो. टाकू का? कृपया लवकर सांगा.

न्यूजर्सीकर: एजंटला एक पैसा देऊ नका. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, आईसच्या वेबसाइटवर पकडलेल्यांना शोधायचं डिटेनी लोकेटर आहे, त्यात ए-नंबर (परदेशी माणसाला तिथे मिळतो तो नंबर) आणि जन्माचा देश टाकून शोधा. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, स्वतः बघावा लागतो. आणि वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नको म्हणावं.

समीर_दम्माम: दादा, अमेरिका कुठून काढलीत? ताई, देश कुठला? शहर? इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, चालू होता का?

कोकणकन्या: सौदी हो, जेद्दा. आमच्याकडचे सगळे तिकडेच असतात म्हणून लिहिलं नाही. हाऊस ड्रायव्हरचा व्हिसा होता, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता तो मालक, पगार देईना म्हणून दुसरीकडे कामाला लागला. इकाम्याचं माहीत नाही.

समीर_दम्माम: मग कफीलने हुरूब टाकला असणार, म्हणजे कामावरून पळाला अशी तक्रार. जेद्दाचे लोक शुमैसीच्या तरहीलमध्ये, म्हणजे डिपोर्टेशन सेंटरमध्ये नेतात. तिथून घरी पाठवतातच, पण अडतं दोन ठिकाणी. पासपोर्ट कफीलकडे असला तर आपलं कॉन्सुलेट इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं, त्यावर भारतात येता येतं. दुसरं म्हणजे मतलूब, त्याच्या नावावर केस किंवा बँकेचं कर्ज असलं तर ते मिटेपर्यंत सोडत नाहीत. तसं काही आहे का ते आधी शोधून काढा.

अॅड_सातारा: मुंबई हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायची याचिका टाका.

समीर_दम्माम: वकीलसाहेब, शुमैसीत मुंबईचा हुकूम चालतो का?

अॅड_सातारा: परराष्ट्र मंत्रालयाला तर निर्देश देता येतात ना? व्हिएन्ना कराराचं कलम 36 वाचा, कैद्याला आपल्या कॉन्सुलेटशी बोलायचा हक्क आहे.

समीर_दम्माम: हक्क आहे हो, पण तारीख पडेपर्यंत पोरगा तिथेच बसणार.

महाडची_आयेशा: भांडू नका. ताई, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाक, जेद्दा कॉन्सुलेट निवड. पासपोर्ट नंबर आणि इकामा नंबर दोन्ही लिही. माझ्या मिस्टरांच्या वेळी पासपोर्टची झेरॉक्स सासूबाईंच्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या घडीत सापडली, आणि इकाम्याचा फोटो जुन्या चॅटमध्ये, त्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडून शेवटचे आकडे पुसट झालेले. नंबर 10 आकडी असतो, 2 ने सुरू होतो, तेवढं तपासून घे. तिकिटाचे पैसे नसले तर कॉन्सुलेटकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, तसा अर्ज कर.

राजापूरकर: हुरूबवर डिपोर्ट झाला की बोटांच्या ठशांवर नोंद राहते, कामाच्या व्हिसावर परत जाणं विसरा. त्यापेक्षा कतार बघा, माझा मेव्हणा तिथे आहे, कॅटरिंगमध्ये चांगलं चाललंय.

कोकणकन्या: परत जायचं कोणी विचारलंय? तो घरी यायला हवा बस.

न्यूजर्सीकर: सॉरी ताई, मला अमेरिकाच वाटली. एजंटचं मात्र तेच सांगतो, पैसे देऊ नका.

कोकणकन्या: मदद वर टाकली तक्रार, नंबर आला. रूममेटचाही फोन आला, भाऊ शुमैसीतच आहे, पासपोर्ट कफीलकडे, आणि मोबाइलच्या हप्त्यांचं काहीतरी थकलंय म्हणे. समीरदादा, ते मतलूबमध्ये धरतात का? आणि इमर्जन्सी सर्टिफिकेटला फोटो इथून पाठवला तर चालेल का?