भाड्याची गाडी, उंच घाट: अनुभव लिहा

हाती आपली नसलेली गाडी आणि पुढे उंच डोंगरातले खडे चढ-उतार. अशा रस्त्यांवर ज्यांचा हात बसलाय, त्यांनी नेमकं लिहावं. प्रवासवर्णन नको.

---

उतारावर गाडी गिअरने रोखायची, ब्रेक फक्त मदतीला. पाय सतत पेडलवर टेकलेला राहिला की पॅड तापतात. आधी करपट वास येतो, मग पेडल घट्ट लागूनही गाडी आवरत नाही. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर मात्र ब्रेक ऑइल उकळलंय. हे ऑइल ओलावा ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पाणी मुरलं की १४० पर्यंत घसरू शकतं. भाड्याच्या गाडीत ते कधी बदललं, देव जाणे.

म्हणून उताराच्या तोंडाशीच, वेग धरण्याआधी, दुसरा टाका. तरी पळायला लागली तर पहिला. वेग वाढला की ठामपणे ब्रेक, उतरला की पाय पूर्ण बाजूला. न्यूट्रल कधीच नाही. त्यात पेट्रोलही वाचत नाही, कारण गिअरमध्ये घरंगळताना फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या इंजिनाला जाणारं इंधन आपोआप तोडतात.

वास आलाच तर रुंद जागी थांबा, गिअर टाका, चाकाला दगड लावा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, पाणी तर मुळीच नको, डिस्क वाकते किंवा तडकते. निघताना दगड उचला हो, मागच्याच्या चाकाखाली येतो.

---

ऑटोमॅटिकवाले 'डी'मध्येच उतरतात आणि ब्रेक जाळतात. खालचा गिअर धरून ठेवणारा 'एल', '२' किंवा मॅन्युअल मोड कुठे आहे ते गाडी ताब्यात घेतानाच शोधा. हायब्रिडमध्ये त्यासाठी बहुधा 'बी' असतं. विजेची गाडी वरच्या मुक्कामी पूर्ण चार्ज करून उतरवू नका: बॅटरी भरलेली असली की रीजनची (वेग रोखताना मोटर परत बनवते ती) वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

---

विरळ हवेचंही लक्षात घ्या. टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. सामानाने भरलेली छोटी गाडी खाली दुसऱ्यात चढते तोच चढ वर पहिल्यात मागते. ब्रेक पेडलला जोर देणारा व्हॅक्यूम बूस्टर हवेच्या दाबावरच चालतो, त्यामुळे वर पेडल जड लागतं. इंजिन बंद पडलं तर दोन-तीन दाबांत मदत संपते.

---

चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा, क्लच हळू सोडा. बोनेट किंचित उचललं आणि इंजिनचा आवाज दबला की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड (चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) दोनेक सेकंदच धरतं. जळलेला क्लच बहुतेक करारांत विम्याबाहेर असतो. टायर, काच, गाडीचं पोट आणि कच्चा रस्ता ही कलमंही वाचा.

---

वरच्याला पुरवणी: स्टेपनी, जॅक, पाना नुसते बघू नका, एक नट सैल करून बघा आणि परत कसा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलेला, इतका जुना टायर बदलून मागा.

---

उभी करताना: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकं डोंगराच्या बाजूला वळवून.