फिरायला गेल्यावर कुठे किती मुक्काम? तुमचे अनुभव सांगा

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण केरळला जाऊन आलो. सात रात्री होत्या. कोची एक, मुन्नार दोन, थेक्कडी एक, अलेप्पीची हाऊसबोट एक, कोवलम दोन. कागदावर कार्यक्रम इतका छान दिसत होता की मी तो फ्रिजला चिकटवून ठेवला होता. कोचीहून मुन्नार 130 किलोमीटर, म्हणून मी तीन तास धरले. घाट, वाटेतला धबधबा, नाश्ता धरून पाच लागले. पुढेही प्रत्येक जागा बदलताना अर्धा दिवस गाडीतच गेला. हाऊसबोटीवर दुपारी बाराला चढलो, संध्याकाळी सहाच्या आत बोट काठाला लागली (रात्री कोळ्यांची जाळी असतात), आणि सकाळी नऊला उतरायचं होतं.

थेक्कडीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या, चपला पायातच. मी त्यांच्या बॅगेची चेन उघडायला लागले तर म्हणाल्या, "नको उघडूस गं, सकाळी परत भरायचीच आहे." गाऊन, ब्रश आणि गोळ्यांची डबी त्यांनी एका कापडी पिशवीत वेगळी काढून ठेवली होती. उरलेले दिवस त्या त्याच पिशवीवर राहिल्या. हे मला फार लागलं. हौसेने नेलं होतं त्यांना.

तर मुक्काम ठरवताना तुम्ही काय बघता? जमलेलं, फसलेलं, दोन्ही लिहा. गाव, किती रात्री, सोबत कोण होतं, एवढं आलं तरी पुरे.

*

लेह. उंची 3,500 मीटर, हवा विरळ. सकाळच्या विमानाने उतरलो, सगळ्यांना बरं वाटत होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी खारदुंगला ओलांडून नुब्राला निघालो. खिंड आहे 5,359 मीटरवर. वर पोचल्यावर बायकोला उलट्या सुरू झाल्या, धड उभंही राहता येईना. ड्रायव्हरने आम्हाला न विचारता गाडी वळवली आणि तडक लेहच्या दवाखान्यात आणलं. ती रात्र मी तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत काढली.

दोन वर्षांनी परत गेलो. तिचाच हट्ट होता. या वेळी लेहला आधी तीन रात्री. पहिला दिवस नुसतं पडून राहिलो, दुसऱ्या दिवशी बाजारात हळूहळू एक चक्कर, तिसऱ्या दिवशी जवळचे शे आणि ठिकसे हे मठ. मग नुब्रा दोन रात्री, कारण ते लेहपेक्षा खाली आहे आणि तिथे झोप चांगली लागते. पँगाँग उंचावर, थंडीही कडक, तिथे एकच. सहा दिवसांत लडाख होईल का असं कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, आठ-नऊ दिवस मिळतील तेव्हा जा.

*

मी निवृत्त शिक्षिका. शाळेच्या सहली नेऊन नेऊन वेरूळ-अजिंठा पाठ झालंय. आधी वार बघा, मग रजा टाका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारला सोमवार जोडून आलेली आणि अजिंठ्याच्या वाटेवरून परत फिरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, लहान मुलं कडेवर घेतलेली. फार वाईट वाटतं.

छत्रपती संभाजीनगरला तीन रात्री ठेवा. वेरूळ 30 किलोमीटर, अजिंठा साधारण 100, तेही वेगळ्या दिशेला. दोन्ही एका दिवसात उरकणारे असतात, पण मग अजिंठा बघून होतं, दिसत नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी ठेवायची, पुढे बसने जायचं, मग पायऱ्या. पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळ्यांपुढे नुसता काळोख असतो. बहुतेक लोक तिथूनच मागे वळतात. तसं करू नका. शांत उभं राहा. जरा वेळाने भिंतीवरच्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा आधी मुकुट उमटतो, मग कललेली मान, मग हातातलं कमळ. चाळीस-चाळीस मुलांना मी तिथे गप्प उभं केलंय, आणि त्याच काळोखात "बाई, दिसलं!" असा आवाज दर वेळी ऐकलाय. त्या "दिसलं" साठी अख्खा दिवस मोकळा ठेवावा लागतो.

वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर ऊन समोरून येतं, म्हणून ते शेवटी ठेवा.

*

अंदमान. हॅवलॉक बेट (आताचं स्वराज द्वीप) कितीही आवडलं तरी शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच (आताचं श्री विजयपुरम) काढा. समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि विमान काही थांबत नाही. आमची पाच तिकिटं अशीच वाया गेली.

*

मी फ्रँकफर्टला असते. आई-बाबा आले तेव्हा बाबांनी घरूनच दहा दिवसांत सहा देशांची यादी करून आणली होती. मी ती हळूच बाजूला ठेवली आणि पॅरिसला चार रात्री घेतल्या, स्वयंपाकघर असलेलं छोटं घर. रेल्वेने चार तासांत पोचलो. तिथेही वारांची भानगड आहेच, लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. आम्ही रविवारी ऑर्से, बुधवारी लूव्र केलं. मधले दोन दिवस नदीकाठ, बाग, आईच्या हातची खिचडी. तिसऱ्या सकाळी उठून बघते तर बाबा घरात नाहीत. घाबरले. पाच मिनिटांत ते कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेऊन आले, "बाँजूर म्हटलं, तीही म्हणाली," असं सांगत. यादीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

*

माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्या आई-वडिलांनी सत्तरीपर्यंत महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मला वर्षाला एकदाच सलग आठ दिवस रजा मिळते. राजस्थान केलं तेव्हा जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर, सगळं घेतलं. दमलो, पण आईने जैसलमेरच्या वाळूत पाय रोवून सूर्यास्त पाहिला. ती परत तिथे जाणार नाही हे तिलाही माहीत होतं. अशा वेळी एका गावात चार दिवस बसणं मला जमलं नसतं. फक्त एक पाळलं, रोज दुपारी दोन तास आडवं व्हायचंच.

*

आम्ही दोघं वारकरी. पंढरीची मूर्ती हंपीला गेली होती आणि भानुदास महाराजांनी ती परत आणली, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. म्हणून हंपीला एक दिवस ठेवला होता. विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. तिथे उभं राहिल्यावर यांच्या तोंडून आपोआप हरिपाठ सुरू झाला, आणि मग दोघांनाही हलवेना. बदामीची खोली रद्द केली, पैसे गेले. तीन रात्री राहिलो, रोज सकाळी तिथेच जायचो.

*

सगळं वाचलं, घरात मोठ्याने वाचून दाखवलंही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालवणला जायचं ठरलंय, पावसाआधी, म्हणजे किल्ल्याच्या होड्या चालू असतील. चार रात्री, एकच घर. आत्ता त्या घरमालकीणबाईंना फोन लावत होते तर सासूबाई आतून म्हणाल्या, "खोलीत कपाट आहे का, तेवढं विचार."

आहे. तीन खणांचं.