मदत हवी आहे: कॉरिडॉरचा कॅमेरा थेट दारात बघतो, चित्रातला तो भाग झाकणारा मास्क कसा लावायचा?

मनीषनगरातली फ्लॅट स्कीम, 8 कॅमेरे, 1 टीबीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं मशीन). तिसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याला 2.8 मिमी लेन्स आहे. कोन इतका रुंद, की समोरचं दार उघडलं की आतला देव्हारासुद्धा दिसतो. 6 मिमी लेन्स लावली तर फक्त जिना येईल, पण समिती खर्चाला तयार नाही.

डीव्हीआरमध्ये प्रायव्हसी मास्क लावला. लाइव्हमध्ये काळा चौकोन दिसतो, प्लेबॅकमध्ये मात्र दार जसंच्या तसं! काही मशीनमध्ये प्रिव्ह्यू आणि रेकॉर्डिंगसाठी वेगवेगळी टिक असते, इथे ती सापडत नाही. कोॲक्स केबलवरून कॅमेऱ्याचाच ओएसडी (स्क्रीनवर दिसणारा सेटिंगचा) मेनू उघडून तिथे मास्क लावता येतो का? कोणी केलं असेल तर पायऱ्या सांगा.

मोबाइल ॲपचा एकच पासवर्ड पाच जणांकडे आहे, हे तर फारच धोक्याचं. प्रत्येकाला वेगळा युजर आणि प्लेबॅक फक्त सचिवांना, असं करता येतं ना?

 

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा आधार घेऊन सोसायटीला दिलेल्या अर्जाचा नमुना कोणाकडे असेल तर टाका. रविवारी सभा आहे.