युद्धाच्या बाजूने मत देऊन नंतर अंग काढून घेणारे नेते कसे तपासायचे?

अजिंक्यतारा_वाद (सातारा)

साताऱ्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे: ‘लोकमत फिरल्यावर युद्धाचा पाठिंबा काढून घेणारा नेता संधिसाधू असतो.’ मुलांनी २००३ चं इराक युद्ध घेतलंय. पण तयारीत गोंधळ आहे. एकजण म्हणतो अमुक नेता पहिल्यापासून विरोधात होता, तर दुसरा त्याच नेत्याचं पाठिंब्याचं भाषण काढून दाखवतो. बोलायला प्रत्येकी पाच मिनिटं, उलटप्रश्नांना दोन. खरंच मत बदललेला कोण आणि नुसती सारवासारव करणारा कोण, हे कशावरून ठरवायचं? भारतातलं एखादं उदाहरण चालेल का? श्रोत्यांत फौजी घरातली माणसं भरपूर असतात, त्यामुळे मोघम बोलून भागणार नाही.

कृष्णाकाठ (कराड)

भाषणं नंतर, आधी मतदान काढा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १० ऑक्टोबर २००२ रोजी इराकविरुद्ध लष्करी बळ वापरायला परवानगी देणारा ठराव २९६ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाला. सिनेटचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं, मतदान मध्यरात्र उलटल्यावर झालं, म्हणून तारीख ११ ऑक्टोबर. तिथे ७७ विरुद्ध २३. सिनेटच्या संकेतस्थळावर १०७ वी काँग्रेस (अमेरिकेची संसद), दुसरं सत्र, मतदान क्रमांक २३७ उघडलं की नावानिशी यादी मिळते. प्रतिनिधिगृहाचा क्रमांक ४५५. हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जॉन एडवर्ड्स, जो बायडन हे चौघंही होकाराच्या यादीत आहेत. ओबामांचं नाव मात्र तिथे शोधू नका. ते तेव्हा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते. २ ऑक्टोबरला शिकागोत त्यांनी विरोधाचं भाषण केलं, पण ‘विरोधात मत दिलं’ असं मुलगा बोलून गेला तर समोरचा तिथेच पकडेल.

मग सबब कोणती ते बघा. सगळ्यात जास्त वापरलेली सबब अशी, की मत युद्धाला नव्हतं, राष्ट्राध्यक्षांना वाटाघाटीत जोर यावा म्हणून होतं. याची कसोटी त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या मतदानात सापडते. सिनेटर कार्ल लेव्हिन यांची दुरुस्ती होती: आधी संयुक्त राष्ट्रांची मंजुरी घ्या, ती मिळाली नाही तर पुन्हा काँग्रेससमोर या. ती २४ विरुद्ध ७५ मतांनी पडली. खरोखर वाटाघाटीच हव्या असतील तर ही दुरुस्ती हाताशी होती. क्लिंटन यांनी तिच्या विरोधात मत दिलं. निर्णय सुरक्षा परिषदेच्या हाती गेला असता, असं त्यांचं नंतरचं स्पष्टीकरण. तेही मुलांना पाठ हवं, कारण प्रतिपक्ष ते काढणारच.

दुसरी सबब चुकीच्या गुप्तवार्तेची. ती अर्धी खरी आहे, ज्यांच्यासाठी युद्ध केलं ती महासंहारक शस्त्रं इराकमध्ये सापडली नाहीतच. पण मतदानाआधी सिनेटरांना गुप्त अहवाल वाचायला उपलब्ध होता आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचं वेगळं मत त्यात नोंदलेलं होतं. गुप्तवार्ता समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी तो वाचला आणि विरोधात मत दिलं. म्हणून ‘फसवलं गेलं’ म्हणणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: अहवाल वाचला होता का?

केरींचं वाक्य अर्धवट वापरू नका. मार्च २००४ मध्ये ते म्हणाले की युद्धखर्चाच्या त्या ८७ अब्ज डॉलरच्या विरोधात मत देण्याआधी मी बाजूने मत दिलं होतं. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण मतदानं दोन होती. श्रीमंतांची करसवलत कमी करून हा पैसा उभा करावा, या दुरुस्तीला त्यांनी होकार दिला. ती पडल्यावर ऑक्टोबर २००३ मध्ये मूळ विधेयकाला नकार दिला. टीका करायची तर पूर्ण हकीकत सांगून करा.

शेवटी लोकमत फिरल्याची आणि नेता बदलल्याची तारीख शेजारी ठेवा. जून २००४ मध्ये गॅलपच्या पाहणीत ५४ टक्के लोक सैन्य पाठवणं चूक म्हणत होते. एडवर्ड्स यांनी ‘माझं चुकलं’ असं लिहिलं ते नोव्हेंबर २००५ मध्ये, उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरून वर्ष झाल्यावर.

विश्रामबाग_वाचक (सांगली)

भारताच्या बाबतीत वरची पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. आपल्याकडे सैन्य बाहेर पाठवायला संसदेचं मतदान लागत नाही, तो सरकारचा निर्णय असतो. २९ जुलै १९८७ चा श्रीलंका करार राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी केला, भारताची शांतिसेना तिथे गेली, ऑक्टोबरात जाफन्यात तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढाई जुंपली. कोणी हात वर केला त्याची यादीच नाही. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात त्या वर्षांतल्या चर्चा तारखेनुसार वाचाव्या लागतील. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे खासदाराच्या मतावरून त्याचं मन ओळखता येत नाही.

करुणानिधींचं उदाहरण बरेच जण देतात. मार्च १९९० मध्ये परतणाऱ्या सैन्याच्या स्वागताला ते मुख्यमंत्री असून गेले नाहीत. पण ते या कारवाईचे पाठीराखे नव्हतेच, त्यामुळे ‘मागे सरले’ म्हणता येत नाही. सैन्य परत आणणारे व्ही. पी. सिंगही तसेच, करार होण्याआधी, एप्रिल १९८७ मध्येच ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. मी म्हणेन, भारतीय उदाहरणाची ओढाताण करूच नका. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान तिथे लढलेत, त्यांच्या घरच्यांसमोर चुकीचं नाव घेणं बरं नव्हे. हवंच असेल तर १४ जुलै २००३ चा निर्णय घ्या. अमेरिकेला इराकसाठी आपलं डिव्हिजनभर सैन्य हवं होतं आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून वाजपेयी सरकारने नकार दिला. न शिरण्याचा निर्णय वेळेत कसा घेता येतो, हे त्यातून दाखवता येतं.

अजिंक्यतारा_वाद (सातारा)

दोन्ही उत्तरं फार कामाची. विषयाच्या विरोधात बोलणाऱ्या मुलांना काय द्यावं?

माणदेशी_पानं (दहिवडी)

वॉल्टर जोन्स. नॉर्थ कॅरोलिनाचे रिपब्लिकन, युद्धाच्या बाजूने मत दिलेले. फ्रान्सने युद्धाला विरोध केला म्हणून अमेरिकी संसदेच्या उपाहारगृहात ‘फ्रेंच फ्राइज’चं नाव ‘फ्रीडम फ्राइज’ करायला लावण्यात पुढे होते. जून २००५ मध्ये सैन्य माघारीचं वेळापत्रक मागणारा ठराव त्यांनी इतरांसोबत मांडला, तोही स्वतःच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असताना. त्यांच्या मतदारसंघात कॅम्प लेजून हा मरीनचा मोठा तळ आहे, म्हणजे मतदार आपल्या अपशिंग्यासारखेच, घरोघर सैनिक. मारल्या गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना त्यांनी सह्या करून दहा हजारांहून अधिक पत्रं पाठवली. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना पुन्हा पुन्हा आव्हान मिळालं, तरी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते भूमिकेवर राहिले. संधिसाधूपणाचा आरोप इथे टिकत नाही, कारण सोय दुसऱ्या बाजूला होती.

ब्रिटनचं उदाहरण जोडीने द्या. मंत्री रॉबिन कुक यांनी तिथल्या संसदेतल्या युद्धावरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १७ मार्च २००३ ला राजीनामा दिला. क्लेअर शॉर्ट यांनी १८ मार्चला युद्धाच्या बाजूने मत दिलं आणि १२ मे रोजी, बगदाद पडल्यावर मंत्रिपद सोडलं. ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला होता. दोघांची तुलना करायची, पण शॉर्ट यांना खोटं पाडू नका. राजीनामा देताना त्यांची तक्रार युद्धोत्तर इराकमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या भूमिकेबद्दल होती.

पाच मिनिटांत तीनपेक्षा जास्त नेते घेऊ नका. एका नेत्याला दीड मिनिट धरा: मताची तारीख, तेव्हा हाताशी असलेली माहिती, बदलाची तारीख, बदलानंतर पैशाच्या विधेयकांवर दिलेलं मत. यातलं चौथं मुलं हमखास गाळतात. आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच स्पष्ट सांगायला लावा की प्रश्न सैन्य पाठवणाऱ्यांच्या निर्णयाचा आहे, लढलेल्यांचा नाही.